शांघायला बदली झाल्यावर माणसं कशी जोडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिस्टरांची चाकणहून शांघायच्या आनतिंग भागात तीन वर्षांसाठी बदली झाली आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून सोबत निघाला आहात, चिनी भाषा येत नाही आणि सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एकटं पडण्याची. तिथे परदेशी लोक एकमेकांना भेटतात कुठे, आपली माणसं सापडतील का, सणवार होतात का, हे तुम्हाला हवं आहे.

बदलून येणाऱ्या कुटुंबांना इथे घर, शाळा, पोलीस नोंदणी यांत मदत करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे नव्याने आलेली घरं पहिल्या वर्षात रुळताना आणि काही न रुळताना मी जवळून पाहिली आहेत. त्यावरून सांगते: शांघायमध्ये ओळखी होणं मुळीच अवघड नाही, टिकणं अवघड आहे. दर शनिवारी कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं, पहिल्या महिन्यात तुमच्या फोनमध्ये शंभर नवी नावं येतील आणि तरीही ताप आला तर फोन कुणाला करायचा हे सुचणार नाही. ज्या बायका इथे खरंच रमल्या त्या फार कार्यक्रमांना जाणाऱ्या नव्हत्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, त्याच पाच-सात जणींना न चुकता भेटणाऱ्या होत्या. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच अनुभवातून.

सुरुवात घरापासून करते, कारण तुमचं निम्मं सामाजिक आयुष्य भाडेकरारावर सही करताना ठरून जातं. आनतिंग हे शांघायच्या वायव्येला जिआडिंग जिल्ह्यातलं मोटारींचं गाव. मोठे कारखाने आणि फॉर्म्युला वनचा ट्रॅक त्याच बाजूला आहे. मेट्रोची ११ नंबरची लाइन तिथपर्यंत जाते, पण शहराच्या मध्यातून तासाभराहून जास्त धरा. कंपनी सांगेल की ऑफिसजवळच घर घ्या, भाडं कमी, मोकळी हवा. मिस्टरांच्या सोयीचं ते आहेच. पण मग तुम्ही आणि मुलगी प्रत्येक कार्यक्रमासाठी, प्रत्येक मैत्रिणीसाठी तासभर प्रवास कराल आणि दोन-तीन महिन्यांनी तो प्रवास आपोआप बंद होईल. घरात दिवसभर जो असणार आहे, त्याच्या सोयीने घर निवडा.

परदेशी कुटुंबं साधारण तीन-चार पट्ट्यांत राहतात. ह्वांगपू नदीच्या पश्चिमेला पुशी, पूर्वेला पुडोंग. पुशीतल्या गुबेई आणि होंगछ्याओ भागात जपानी कुटुंबं फार आहेत. तिथून पुढे मिनहांग जिल्ह्यात होंगछुआन रोडवर कोरियन वस्ती आणि बाजार आहे. भारतीय घरंही या पट्ट्यात बरीच आहेत. पुडोंगमध्ये जिनछ्याओ आणि सेंच्युरी पार्कजवळचं लिआनयांग हे शाळा, बंगले, सायकलीवर फिरणारी मुलं असे भाग. मध्यावर शुहुई आणि जिंगआन, म्हणजे जुनी फ्रेंच वसाहत आणि तिच्या आसपासचा भाग. चिनाराच्या जातीतल्या मोठ्या झाडांचे रस्ते, कॅफे, बार, एकटे राहणारे तरुण आणि मुलं नसलेली जोडपी. तुमच्यासाठी मी गुबेई-होंगछ्याओ बघायला सांगेन. आनतिंगला जाणं त्यातल्या त्यात सुसह्य आणि १० नंबरच्या मेट्रोने गावाच्या मध्यात सहज पोचता येतं. जिनछ्याओ कितीही आवडलं तरी मिस्टरांना रोज शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठावं लागेल. आणि एक लक्षात घ्या, नदी ओलांडायला मेट्रोने काही मिनिटंच लागतात, पण पुशीतले लोक पुडोंगला आणि पुडोंगचे पुशीला कंटाळा करतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी तर कुणी येतच नाही.

घर बघताना खोल्या आणि ओटा बघून झाला की खाली उतरून कंपाउंडमध्ये संध्याकाळी पाच ते सहा या वेळात नुसतं बसा. इथल्या सोसायट्यांना भिंत, गेट आणि आत बाग असते, आपल्याकडचे सगळे कंपाउंडच म्हणतात. त्या वेळी आजी-आजोबा नातवंडं घेऊन उतरलेले, दोन-चार भाषा कानावर पडतायत, मुलं आपापली खेळतायत असं दिसलं तर ते घर घ्या. महागड्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये पोहण्याचा तलाव आणि जिम असते, पण लिफ्टमध्ये भेटणारा माणूस तीन आठवड्यांनी बदललेला असतो.

आता वीचॅट हे चिनी अॅप. याशिवाय शांघायमध्ये माणूस अस्तित्वातच नसतो. भाजी, टॅक्सी, शाळेची सूचना, डॉक्टरची वेळ, वाढदिवसाचं आमंत्रण, सगळं त्यातच. अडचण अशी की भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अॅप्समध्ये वीचॅट होतं, त्यामुळे पुण्यात बसून ते सुरू होण्याची आशा धरू नका. चीनला पोचल्यावर घ्या. नवं खातं उघडताना बहुतेक वेळा आधीपासून वापरणाऱ्या कुणीतरी कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते. म्हणून मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एका माणसाला पहिल्याच दिवशी हे काम सांगून ठेवा. घरच्यांशी बोलायला व्हॉट्सअॅप लागणार आणि ते चीनमध्ये बंद आहे. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवलं तर त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. खर्च होतो, पण पहिल्या महिन्यात आईशी रोज बोलता येणं याचं मोल फार आहे.

ग्रुपमध्ये शिरण्याचीही रीत आहे. एका ग्रुपमध्ये पाचशेच माणसं मावतात. दोनशेच्या वर संख्या गेली की कोड स्कॅन करून आत जाता येत नाही, आतल्या कुणीतरी ओढून घ्यावं लागतं. शिवाय तो कोड सात दिवसांनी निरुपयोगी होतो. त्यामुळे कुठल्याशा पोस्टवर दिसलेला जुना कोड घेऊन बसू नका. एक माणूस शोधा आणि त्याला विचारा, तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात, मला घालाल का? भारतीयांचे ग्रुप भागाप्रमाणे असतात, शाळेप्रमाणे असतात, क्रिकेटचे, शाकाहाऱ्यांचे, मसाल्यांच्या एकत्र ऑर्डरचे असतात. मराठी मंडळींचेही असतात, छोटे, दोन-तीन माणसांच्या उत्साहावर चालणारे, आणि त्या दोन-तीन माणसांची बदली झाली की थंडावणारे. तसा थंडावलेला ग्रुप सापडला तर नाउमेद न होता त्यात स्वतः लिहा: अमुक रविवारी अमुक बागेत मी डबा घेऊन येते आहे, कोण येतंय? बऱ्याच जणी अशा हाकेची वाटच बघत असतात.

आमंत्रणाला होकार देण्याची पद्धतही बघून ठेवा. बोलावणारा एक यादी सुरू करतो, तुम्ही ती पुढे ओढून आपलं नाव आणि किती जण ते लिहायचं. नुसता अंगठा दाखवला तर नाव धरलं जात नाही. हॉटेलात जेवण असेल तर बहुतेक वेळा हिशेब होऊन तुमच्या वाट्याची रक्कम त्याच ग्रुपवर मागितली जाते, ती त्याच रात्री द्या. उशिरा पैसे देणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त बोलावणं येत नाही. ग्रुपवर राजकारण, सीमावाद, कुणाच्या धर्मावर टीका असलं काही टाकू नका. ऑक्टोबर २०१७ पासून ग्रुपमधल्या मजकुराची जबाबदारी ग्रुप काढणाऱ्यावरही आहे. तुमच्या एका फॉरवर्डमुळे दुसऱ्या कुणाच्या नोकरीवर येऊ शकतं.

भारतीयांच्या एकत्र येण्याविषयी आता जरा सविस्तर. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला भारताच्या वाणिज्य दूतावासात ध्वजवंदन होतं. सकाळी जायचं, पासपोर्ट सोबत ठेवायचा. नव्याने आलेल्या कुटुंबाला एका सकाळी इतकी भारतीय माणसं दुसरीकडे भेटणार नाहीत, म्हणून तुमच्या येण्याच्या तारखा जुळत असतील तर १५ ऑगस्ट चुकवू नका. दिवाळी आणि होळीचे मोठे कार्यक्रम हॉटेलच्या हॉलमध्ये तिकीट काढून होतात. नाच, जेवण, मुलांचे फॅन्सी ड्रेस, सोडत. जाऊन या, मजा येते. पण तिथे झालेली ओळख ही फक्त सुरुवात समजा. त्याच आठवड्यात त्यातल्या एकीला घरी चहाला बोलवा. पुढचा कार्यक्रम येईपर्यंत थांबलात तर एकमेकींचे चेहरे विसरलेले असतील.

तारखांचा एक घोळ आधीच समजून घ्या. चीनमध्ये लांब सुट्टी जोडून देण्यासाठी आजूबाजूचा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस ठरवतात. २०२५ मध्ये १ ते ८ ऑक्टोबर सुट्टी होती, तर त्यापायी रविवार २८ सप्टेंबर आणि शनिवार ११ ऑक्टोबर कामाचे होते. नवरात्र-दिवाळीचा कार्यक्रम याच सुमारास असतो. शनिवार आहे म्हणून हॉल ठरवावा आणि निम्मी मंडळी ऑफिसात असावीत, असं इथे होतं. आधी सरकारी सुट्ट्यांचं पत्रक बघायचं, मग तारीख घालायची. फटाके अर्थातच नाहीत. बाह्य रिंग रोडच्या आतल्या सगळ्या शहरात २०१६ पासून फटाक्यांना बंदी आहे. चिनी नववर्षालाही आकाश शांतच असतं. मुलीला आधीच सांगून ठेवा.

गणपती घरोघरी बसतात. मूर्ती धातूची किंवा लाकडाची आणा आणि दरवर्षी तीच बसवा. मातीची आणली तर प्रवासात तुटण्याची भीती आणि विमानतळावर मातीवरून प्रश्न, दोन्ही. विसर्जन घरातच, बादलीत सुपारी बुडवून. नदीत किंवा सूचौ खाडीत काहीही सोडायचं नाही. घरच्या आरतीला मैत्रिणी जमल्या तर कुणाला अडचण नसते. पण मोठ्या संख्येने सार्वजनिक पूजा करायची म्हटलं की नियम कडक आहेत. परदेशी लोकांच्या सामूहिक धार्मिक कार्यक्रमांना ठरवून दिलेली जागा आणि परवानगी लागते आणि चिनी नागरिकांमध्ये धर्मप्रचार चालत नाही. आपण प्रचार करत नाही हे खरं, तरी आमंत्रण जेवणाचं द्या, पत्रकं वाटू नका आणि मोठं काही करायचं असेल तर आधी दूतावासात विचारा. हजाराहून जास्त लोक जमणार असतील तर कुठल्याही मोठ्या सार्वजनिक कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते, पण त्या आकड्याला आपण मराठी माणसं पोचत नाही.

मोदकांबद्दल मला दर ऑगस्टमध्ये फोन येतात, म्हणून इथेच लिहून टाकते. दुकानात तांदळाच्या पिठीची दोन पाकिटं शेजारी असतात, नुओमी आणि झानमी. नुओमीची पिठी चिकट भाताची. तिची उकड हाताला चिकटते आणि पारी उभी राहत नाही. झानमी घ्या, ती साध्या तांदळाची. हाइनानचे पक्के नारळ ऑनलाइन मिळतात, तपकिरी साखरेच्या वड्या गुळाच्या जागी चालतात. हिरवे मूग आणि कोथिंबीर गल्लीतल्या भाजीवाल्याकडे. इथला साबुदाणा खिचडीसाठी भिजवू नका, त्याची पेज होते, तो गोड सूपात घालायचा आहे. तूरडाळ, पोहे, हिंग हे भारतीय दुकानांतून किंवा ताओबाओ या ऑनलाइन बाजारातून मागवायचं. कढीपत्त्याचं रोप, बियाणं, ताजी फळं, लोणी, चीज सामानात आणू नका, त्यांना बंदी आहे. मेतकूट आणि गोडा मसाला मात्र बंद पाकिटात भरपूर आणा. चार मैत्रिणी जोडायला आमटीइतकं काही उपयोगी पडत नाही, हे मी मनापासून सांगते.

संक्रांतीचं हळदीकुंकू इथे फार छान होतं, कारण जानेवारीची थंडी असते, बाहेर कुठे जाता येत नाही आणि घरात बसायला सगळ्यांनाच निमित्त हवं असतं. त्याला कोरियन, जपानी, चिनी शेजारणींना बोलवा. तिळाची वडी त्यांना ओळखीची वाटते, कारण तीळ त्या सगळ्यांच्या स्वयंपाकात आहे. पैशांची भिशी मात्र इथे लावू नका. एखादीच्या नवऱ्याची बदली पंधरा दिवसांत होते, नंबर लागून गेलेला असतो आणि मैत्रीत कडवटपणा येतो. जेवणाची भिशी करा: दर महिन्याचा दुसरा गुरुवार, सकाळी अकरा, पाळीपाळीने एकीच्या घरी, एकच मुख्य पदार्थ. एकच पदार्थ हे महत्त्वाचं. थाटमाट सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जिची पाळी असते तिला ओझं वाटायला लागतं.

भारतीयांपलीकडचं जग. परदेशी लोकांच्या क्लबांचा या शहराला मोठा आणि फार अभिमानास्पद नसलेला इतिहास आहे. १९४३ पर्यंत इथे परकीयांच्या वसाहती होत्या. आज जिथे पीपल्स स्क्वेअर आणि पीपल्स पार्क आहे तिथे त्यांचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं आणि फ्रेंचांच्या क्रीडा क्लबची इमारत आज ओकुरा गार्डन हॉटेलचा भाग आहे. बऱ्याच क्लबांत चिनी माणसाला सभासद होता येत नसे. त्याच काळात आलेल्या शीख पोलिसांनी १९०८ मध्ये दोंगबाओशिंग रोडवर गुरुद्वारा बांधला होता, मुंबईचे पारशी व्यापारी तर त्याही आधीचे. हे सांगते कारण आजही काही परदेशी मंडळी वर्षानुवर्षं इथे राहून फक्त आपसातच फिरतात, तसं तुमचं होऊ नये असं मला वाटतं.

आजचे परदेशी गट बहुतेक अनौपचारिक आहेत. इथे संस्था म्हणून नोंदणी करणं सोपं नाही, म्हणून चेंबर ऑफ कॉमर्ससारखे थोडे सोडले तर सगळं वीचॅटवरच चालतं. पुस्तकवाचन, चित्रकला, गायनवृंद, पळणाऱ्यांचे गट, बॅडमिंटन, फ्रिस्बी. क्वालालंपूरला १९३८ मध्ये सुरू झालेल्या हॅश हाउस हॅरिअर्स या पळणाऱ्यांच्या क्लबची शाखाही आहे, त्यात पळून झाल्यावर बिअर असते. मिस्टरांना क्रिकेट आवडत असेल तर भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन, इंग्रज, ऑस्ट्रेलियन एकत्र खेळतात. मैदानं लांब असतात, पण तिथे झालेली मैत्री टिकाऊ असते. कार्यक्रमांची माहिती स्मार्टशांघाय या संकेतस्थळावर इंग्रजीत मिळते आणि आजकाल शिआओहोंगशू या चिनी अॅपवरही खूप. शुक्रवारी रात्री जुलू रोडच्या फाउंड १५८ सारख्या ठिकाणी बारमध्ये जमणारी गर्दी तरुणांची असते. तिथे जायला हरकत नाही, रात्री उशिरा बाईमाणसाला रस्त्यावर भीती वाटावी असं हे शहर नाही. एवढंच की मेट्रो अकराच्या सुमाराला संपत येते, परतीची गाडी दीदी या टॅक्सीच्या अॅपवर धरून ठेवा. अमली पदार्थांच्या आसपासही थांबू नका. पोलीस बारमध्ये येऊन जागच्या जागी तपासणी करू शकतात आणि परदेशी माणसाची हकालपट्टीही होऊ शकते. बंड या नदीकाठच्या रस्त्यावर किंवा नानजिंग रोडवर गोड बोलून चहा चाखायला नेणारी अनोळखी तरुण मंडळी भेटली तर हसून पुढे चला, शेवटी अवाच्या सवा बिल हातात येतं.

शाळेतल्या मुलांच्या आयांचा गट हा तुमच्यासारखीला सगळ्यात जवळचा. तिथे काम मागून घ्या: पुस्तकपेढी, खाऊमेळा, सहल. नुसतं कॉफीला जाण्यापेक्षा दोन तास टेबलं उचलताना जास्त गप्पा होतात. फक्त लक्षात ठेवा, तुमचा राहण्याचा परवाना कुटुंबीय म्हणून असेल, त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. शिकवणी, योगाचे वर्ग, डब्यांचा व्यवसाय, यातलं काहीही पैशांसाठी करायचं तर आधी कामाचा परवाना. योगाबद्दल तुम्हाला पहिल्याच आठवड्यात विचारणा होईल, तेव्हा हे आठवा.

चिनी शेजाऱ्यांकडे मी आता मुद्दाम वळते, कारण बहुतेक जणी इथेच हात आखडता घेतात. २०२२ च्या वसंतात कोविडमुळे शांघाय बंद झालं, पुडोंग मार्चअखेर, पुशी १ एप्रिलला, आणि १ जूनपर्यंत बहुतेक लोक घरांतून किंवा कंपाउंडमधून बाहेर पडू शकले नाहीत. दुकानं बंद, डिलिव्हरी जवळपास बंद. तेव्हा प्रत्येक इमारतीत कुणीतरी पुढे झालं, सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून थेट घाऊकवाल्याकडून भाजी, अंडी, दूध मागवलं आणि दारोदार वाटलं. ज्या परदेशी घरांची शेजारी ओळख होती त्यांच्या दारात कोबी पोचला, कुणाला औषध मिळालं, कुणी अंड्यांच्या बदल्यात मसाले दिले. ज्यांच्या सगळ्या मैत्रिणी नदीपलीकडच्या होत्या त्यांच्या फोनमध्ये नावं होती, पण ती दहा पावलं येऊ शकत नव्हती. त्यानंतर अनेक कुटुंबं कायमची निघून गेली. मुळात संख्या आधीच उतरत होती: २०१० च्या जनगणनेत शांघायमध्ये परदेशी तसंच हाँगकाँग, मकाऊ, तैवानचे मिळून २ लाख ८ हजारांवर लोक होते, २०२० मध्ये ते १ लाख ६४ हजारांच्या आसपास आले.

म्हणून पहिल्या आठवड्यात गेटवरच्या रखवालदारांना, समोरच्या दाराला आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या आयीला धरून ठेवा. आयी म्हणजे मावशी, घरकामाच्या बाईंना इथे असंच म्हणतात. चांगली आयी मिळाली तर ती तुम्हाला बाजार, डॉक्टर आणि अर्धं कंपाउंड ओळखीचं करून देते. चिनी भाषा आठवड्यातून दोनदा शिकायला लागा, वर्गातच, एकटीने अॅपवर नको, कारण वर्गात आणखी आठ नवखी माणसं असतात. सकाळी फूशिंग पार्कमध्ये नाचणारे आजी-आजोबा नव्या माणसाला हात धरून रांगेत घेतात. मी तिथे रुळलेल्या परदेशी बायका पाहिल्या आहेत आणि त्यांचं चिनी माझ्यापेक्षा गोड आहे. वयस्कर माणसांशी बोलताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघालं तर चेहरे उजळतात. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आलेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला इथेच वारलेले कोटणीस त्यांना ख तिहुआ या नावाने माहीत आहेत. तुम्ही त्यांच्याच महाराष्ट्रातल्या, हे जरूर सांगा.

चिनी लोक पाहुण्यांना शक्यतो हॉटेलात जेवायला नेतात, घरी बोलावलं तर तो मोठा मान समजा. जेवण सहाला सुरू होतं आणि साडेआठला सगळे उठतात. आपल्यासारखं नऊला पानं घेतलीत तर तुमचे चिनी पाहुणे बिचारे उपाशी ताटकळतील. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, तिथे चुकून बसू नका. पेला लावताना मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपला जरा खाली धरायचा. दारू पीत नसाल तर चहाचा कप उचला, त्याला पूर्ण मान्यता आहे. शाकाहारी असाल तर ताटातून मांस वेचून देण्याचं सौजन्य होतं, म्हणून आधीच सांगा. बौद्ध शाकाहारी हॉटेलं उत्तम, नानजिंग रोडचं गोंगडेलिन १९२२ पासूनचं आहे. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मैत्रिणींनाही तिथे नेता येतं, फक्त कंदमुळांचं विचारून घ्यावं लागतं. घरी बोलावलंत तर गार पाण्याऐवजी कोमट पाणी ठेवा, तिखट वेगळं ठेवा. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट पाठवा. माझा अनुभव, चकली आणि शंकरपाळे लगेच संपतात, लाडू त्यांना फार गोड होतात. मध्य-शरद उत्सवाला त्यांच्याकडून मूनकेक, म्हणजे सारण भरलेले गोल केक, येतील, तेव्हा रिकामं ताट परत पाठवायचं नाही ही आपली रीत इथेही चालू ठेवा.

काही नियम भराभर सांगते. घरी आल्यापासून २४ तासांच्या आत पोलीस नोंदणी, घर बदललं किंवा नवा व्हिसा घेऊन आलात की पुन्हा. आई-बाबा राहायला आले तर त्यांचीही. शांघायमध्ये हे ऑनलाइन होतं. पासपोर्ट बाहेर पडताना जवळ ठेवायचा. रात्री दहानंतर गाणी, ढोलक, नाच बंद, दहा ते सहा ही कायद्याने शांततेची वेळ आहे आणि खालच्या मजल्यावर बहुधा शाळेत जाणारं मूल असतं.

निरोपांबद्दलही लिहायला हवं. मे-जून हा इथे जाण्याचा हंगाम. शाळा संपतात, करार संपतात, ग्रुपवर फ्रिज, सायकली, कुंड्या विकायला येतात आणि एकेका आठवड्यात दोन-दोन निरोपसमारंभ असतात. पहिल्या वर्षी याचा फार त्रास होतो आणि मुलींना आपल्यापेक्षा जास्त होतो. मुलीच्या मैत्रिणींमध्ये एखादी तरी इथेच मुरलेल्या घरातली असावी, म्हणजे आई चिनी, वडील भारतीय किंवा जर्मन, असं घर. तुमच्याही ओळखीत दोन-तीन जणी अशा ठेवा ज्या जाणार नाहीत: चिनी शेजारीण, इथे लग्न केलेली, स्वतःचा धंदा असलेली. गुजराती, सिंधी, मारवाडी व्यापारी कुटुंबं शाओशिंगच्या कछ्याओ कापडबाजारात आणि यिवूमध्ये वर्षानुवर्षं आहेत. वेगवान रेल्वेने दोन्ही गावं दीड-दोन तासांच्या आत येतात. एखाद्या रविवारी तिकडे जाऊन या, भारतीय जेवण मिळेल आणि किराणाही भरून आणता येईल.

येण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर जुलै टाळा. गाव रिकामं असतं, उकाडा असतो आणि जी भेटेल ती सुट्टीवर निघालेली असते. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात या. नोव्हेंबर २०२५ पासून दिल्ली-शांघाय थेट विमान पुन्हा सुरू झालं आहे, त्यामुळे हाँगकाँग किंवा बँकॉकला उतरून बदलावं लागत नाही. शाळेची नव्या पालकांची सभा साधारण त्याच सुमारास असते, तिथे तुमच्यासारख्याच आठवड्याभरापूर्वी आलेल्या आया भेटतील. त्यातल्या दोघींचा वीचॅट घ्या आणि लगेच वार ठरवा. पुढे बोलू असं म्हणू नका, बुधवारी सकाळी साडेनऊला अमुक बागेच्या गेटवर, असं म्हणा. पाऊस असेल तर समोरच्या कॅफेत. पहिल्या दोन बुधवारी एकच जण आली तरी तिसऱ्या बुधवारी तिथे उभ्या राहा. घराच्या दोन-तीन पर्यायांचे पत्ते आले की इथेच लिहा, कुठल्या कंपाउंडमध्ये संध्याकाळी मुलं खाली दिसतात ते मी जाऊन बघून सांगते.